जिभेखालची गोळी

नगरला ज्या दवाखान्यात मी नोकरीला होते, तिथे माझ्या पाठीमागे सगळे मला ‘तिखट शिष्टर’ म्हणत. ते माझ्या कानावर होतं आणि खरं सांगायचं तर मला आवडतही होतं. पंचविशी गाठली नव्हती. पुरुषांच्या वॉर्डात तीस खाटा, दिवसपाळीला आम्ही दोघी, आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत वळकट्या पसरून बसलेले नातेवाईक. तिथे गोड बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. पेशंटला घरी सोडण्याआधी औषधं समजावून सांगायची असतात, ते काम बाकीच्या उरकून टाकायच्या. ही सकाळी, ही रात्री, चला, खाट मोकळी करा. मी तसं करत नसे. मी सांगितलेलं पेशंटने मला परत सांगायचं, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एका म्हाताऱ्याला मी सात वेळा म्हणायला लावलं होतं आणि आठव्या वेळी तो रडला होता. डॉक्टर म्हणायचे, ही मास्तरीण व्हायची ती वाट चुकून इकडे आली. मी त्यावर हसायचे, पण मनातून मला तो मान वाटायचा. माझ्याकडून शिकून गेलेला पेशंट औषधाच्या बाबतीत चुकणार नाही अशी माझी खात्री होती.

तो बहात्तरचा दुष्काळ. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं छावणीत गेली होती आणि गावंच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडत नाहीतर तलावाची माती वाहत होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाला घासायची. त्या वर्षी वॉर्डात येणाऱ्या माणसांना आजारापेक्षा हजेरीची काळजी जास्त असायची. चार दिवस कामावर गेलं नाही की मस्टरवरून नाव उडायचं. त्यामुळे छातीत कळ आलेला माणूससुद्धा आधी डोक्यावरची पाटी रिकामी करायचा आणि मग खाली बसायचा.

पाथर्डीच्या बाजूचे एक शेतकरी असेच पाटी रिकामी करून खाली बसले आणि तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आले. साठीच्या पुढचे होते. सगळ्या म्हाताऱ्या पेशंटना आम्ही बाबा म्हणायचो, तसं त्यांनाही बाबा म्हणू लागलो. महिनाभर छातीत दुखत होतं. घरच्यांनी वात म्हणून ओवा चारला, मग बिब्ब्याचे चटके दिले. छातीवर तीन काळे डाग होते आणि त्यातला एक पिकला होता.

“बाबा, दुखतं म्हणजे कसं दुखतं?” मी विचारलं.

“म्हस बसल्यागत वाटतं छातीवर,” ते म्हणाले. “आपुन होऊन उठती. हाकलून उठत न्हाई.”

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंजायना. हृदयाला रक्त नेणारी वाट अरुंद झाली आहे, काम केलं की रक्त कमी पडतं, मग कळ येते. बाबांना मी ते विहिरीवरून समजावलं. पाझर आहे, पण झऱ्याचं तोंड बुजत चाललंय. बाबा लगेच म्हणाले, “मंग गाळ काढायचा.” मी म्हटलं, तो गाळ काढता येत नाही, पण एक गोळी आहे, ती घेतली की वाट तेवढ्यापुरती रुंद होते. ते हसले. त्यांना वरचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसणं लहान मुलासारखं दिसायचं. मला ते माणूस पहिल्या दिवसापासून आवडलं.

ती गोळी साबुदाण्याएवढी होती. तपकिरी काचेच्या छोट्या बाटलीत यायची, वर कापसाचा बोळा. गिळायची नाही, चावायची नाही, पाणी प्यायचं नाही. जिभेखाली ठेवायची आणि विरघळू द्यायची. हे सांगायला सोपं आहे. आमच्या माणसाला गोळी म्हटली की तांब्या लागतो. बाबांनी पहिली गोळी घेतली ती घटकन पाण्याबरोबर गिळली आणि माझ्याकडे विजयी चेहऱ्याने पाहिलं. मी सगळ्या वॉर्डासमोर त्यांना झापलं. दुसऱ्या गोळीच्या वेळी त्यांनी जीभ वर उचलून ती इतका वेळ तशीच धरून ठेवली की बाजूच्या खाटेवरचा पेशंट हसून हसून खोकू लागला. कळ मात्र गेली. पाच मिनिटांत गेली. पण डोकं ठणकायला लागलं आणि बाबा तक्रार करू लागले, “ह्यो काय न्याय झाला बाई? छातीतलं उठून डोस्क्यात गेलं.”

“डोकं दुखलं म्हणजे गोळी जिवंत आहे समजा,” मी म्हटलं. “जिभेला चुणचुण लागली पाहिजे आणि डोकं जड झालं पाहिजे. नाही झालं तर ती गोळी मेली. टाकून द्यायची, नवी बाटली न्यायला यायचं.”

त्यांच्याजवळ पहिले काही दिवस त्यांची बायको होती. ती माउली हवालदिल झाली होती. तिला मी काही विचारलं की ती हात जोडायची. तीन दिवस शिकवून पहिलं काय आणि दुसरं काय तिला सांगता येईना, तेव्हा मी कंटाळून म्हटलं, घरात दुसरं कोण आहे? मुलगा कामावर होता. त्याला सोडता येत नव्हतं. मग सून आली. कडेवर वर्षाची रांगती मुलगी, डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. चौथी शिकलेली. वय एकोणीस-वीस असेल.

अशा विद्यार्थिनी मला पुढच्या सगळ्या नोकरीत फार थोड्या मिळाल्या. एकदा सांगितलं की तिला यायचं, आणि शिवाय ती प्रश्न विचारायची. मी सांगितलं, एक गोळी दिल्यावर पाच मिनिटं थांबायचं, कळ नाही गेली तर दुसरी, परत पाच मिनिटांनी तिसरी, आणि तिसरीनेही गेली नाही तर मिळेल त्या गाडीने दवाखाना. ती म्हणाली, “बाई, घरात घड्याळ न्हाई.” मी म्हटलं, दोन भाकऱ्या थापून भाजून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा. ती विचारात पडली. “चुलीला ताव असला तर बिगीनं हुत्यात,” ती म्हणाली, “आन ह्या मिलोच्या तर लई वेळ खात्यात.” मी माझं हातातलं घड्याळ काढून तिला दाखवलं, काटा कुठून कुठे जातो ते. ती त्या काट्याकडे टक लावून बसली आणि मनात भाकऱ्या थापत राहिली. मग म्हणाली, जोंधळ्याच्या दोन, मध्यम तावावर. तेच आम्ही ठरवलं.

घरी जायच्या दिवशी मी तिला बाबांच्या खाटेपाशी उभं करून म्हणायला लावलं. सासरा समोर, म्हणून डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीवर, आणि आवाज मात्र खणखणीत. कळ आली की काम टाकायचं, बसायचं, उभ्यानं गोळी घ्यायची न्हाई, चक्कर येती. पानी द्यायचं न्हाई. गोळी आधीच काढून सदऱ्याच्या खिशात न्हाई तर धोतराच्या सोग्यात बांधून ठेवायची न्हाई, अंगाच्या उबेनं मरती. बाटली बदलायची न्हाई. झाकन घट्ट. वॉर्डातले लोक कान देऊन ऐकत होते. एक अक्षर चुकलं नाही. बाबांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे.

मग राहिलं ते बाटली ठेवायचं. मी म्हटलं, उन्हात नको, चुलीजवळ नको, धुरात नको. आणि ही पोर रांगतेय, दिसेल ते तोंडात घालतेय, तिचा हात पोचता कामा नये. घरात अशी जागा कुठली?

“देव्हारा,” बाबा म्हणाले. “माजघरात हाय. भितीतला कोनाडा. अंधार असतो, गार असतो, आन पोरंसोरं हात लावीत न्हाईत.”

घरी न्यायला आलेल्या सासूने दोन्ही हात जोडले. “देवाच्या पायाशी ऱ्हाईल,” ती म्हणाली. “त्याच्याहून चांगली जागा कंची?”

“उत्तम,” मी म्हटलं.

सुनेने नजर वर केली. तिचे ओठ हलले असं मला वाटलं. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने पदर आणखी पुढे ओढला. सासऱ्यासमोर इतकं बोलावं लागलं म्हणून लाजली असेल, असं समजून मी पुढच्या खाटेकडे वळले. त्या दिवशी अजून चौघांना घरी सोडायचं होतं.

महिन्याने बाबा दाखवायला आले ते हसतच. सून बरोबर होतीच. चार वेळा कळ आली, चारही वेळा एका गोळीत गेली. “म्या तोंड उघडायच्या आत ही गोळी घिऊन हजर,” ते म्हणाले. “माझ्या कपाळाकडं बगूनच वळखती.” त्यांनी सांगितलं की आता बायको आणि मुलगा तलावाच्या कामावर जातात आणि सून घरी राहते, त्यांच्यासाठी. गोळीचं तिलाच कळतं म्हणून घरात तसं ठरवून घेतलं होतं. मी त्या दिवशी वॉर्डात परतले ती पाय जमिनीला न लावता. दुसऱ्या नर्सला म्हटलं, बघ, याला शिकवणं म्हणतात.

पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. आणखी दोन आठवडे गेले. त्या गोळ्या फार दिवस टिकत नाहीत, जुनी बाटली एव्हाना मरायला आली असणार. मला सुट्टी होती. डॉक्टरांना विचारून मी एक नवी बाटली पर्समध्ये घातली आणि सकाळची एस.टी. धरली. पेशंटच्या घरी जायची कुणाची पद्धत नव्हती. मला म्हातारबाबांना बघायचं होतं हे खरं, पण त्याहून जास्त, माझ्या विद्यार्थिनीचं घर बघायचं होतं. तिथे कुणीतरी माझं कौतुक करील, गूळपाणी देईल, शेजारपाजारच्या बाया जमतील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. ते आज लिहितानाही लाज वाटते.

फाट्यावर उतरून मैलभर चालत गेले. दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं. बाजारचा दिवस म्हणून तलावाचं काम बंद होतं, तरी गावात माणूस दिसत नव्हता. निम्मे बाजाराला गेले होते आणि उरलेले टँकरची वाट बघत वेशीपाशी हंडे मांडून बसले होते. घर विचारलं तर एकाने हात करून दाखवलं आणि विचारलं, “दुखवट्याला आलाव का?”

मी तशीच पुढे गेले.

घर मातीचं, पुढे ओटा आणि अंगणात लिंबाचं झाड. सासू ओट्यावर बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. मला पाहून ती उठली, हात जोडले, आणि मग रडू लागली. तेरावा होऊन आठ दिवस झाले होते. मुलगा बाजाराला गेला होता. सून आतून आली, तिने मला पाण्याचा तांब्या दिला आणि उंबऱ्याला टेकून उभी राहिली. ती इतकी वाळली होती की आधी मी तिला ओळखलंच नाही.

“गोळी दिली नव्हती का?” मी विचारलं. एवढं सगळं समोर दिसत असताना माझ्या तोंडून पहिला प्रश्न हा आला, आणि तोही वॉर्डातल्या आवाजात.

सासू म्हणाली, “तिचा काय दोस न्हाई बाई. ती बाहेरची हुती.”

मला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. तरी सुनेने सांगितलं. खाटेपाशी उभी राहून म्हणाली होती तसंच, नजर जमिनीवर ठेवून, एक अक्षर न चुकता.

तिचा दुसरा दिवस होता. सासू पहाटे भाकरी करून कामावर गेली. ती पोरीला घेऊन अंगणात लिंबाखाली बसली होती, बाबा ओट्यावर. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाबांचं कपाळ घामानं भरलं. तिने ओळखलं. उठून उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

“मामंजींनी माझ्याकडं बगितलं,” ती म्हणाली. “त्यास्नी बी म्हाईत हुतं मी बाजूला हाय. त्यांनी मागितली न्हाई. नुसतं बगितलं.”

त्या घराचा देव खंडोबा. कडक देव. सासूने मधेच सांगितलं की तिच्या चुलतसासूने एकदा चुकून त्या दिवसांत दिवा लावला आणि महिन्यात घरातली बैलजोडी गेली. सून हे लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. तिला वाटलं, शिवून गोळी दिली आणि मामंजींना काही झालं तर ते माझ्या शिवण्यानंच होईल. म्हणून ती पोरीला लिंबाखाली टाकून गल्लीत पळाली. एका घराला कडी, दुसऱ्या घराला कडी. सगळं गाव तलावावर. तिसऱ्या घरात एक म्हातारी भेटली, काठी टेकत चालणारी.

“आज्जीला हाताला धरून आनावं म्हनलं,” ती म्हणाली, “तर तिला बी शिवाशिव हुनार. मंग ती देवाजवळ कशी जानार? म्या म्होरं चालले. मागं बगायची आन म्हनायची, आज्जी चला, आज्जी चला.”

म्हातारी माजघरात गेली. अंधारात तिला बाटली सापडेना. सून अंगणातून ओरडून सांगत होती, देवाच्या टाकांच्या मागं, हळदीच्या कुयरीजवळ. बाटली सापडली तर झाकण निघेना. झाकण सुनेनेच लावलेलं होतं, मी शिकवल्यासारखं. पदराने धरून फिरवा, तिने बाहेरून सांगितलं. मग कापूस निघेना. मग म्हातारीने गोळी घेतली आणि तिला पाण्याचा तांब्या हवा झाला. पानी न्हाई, आज्जी, जिभेखाली. तेवढ्यात चार भाकऱ्या होऊन गेल्या असत्या, ती म्हणाली.

बाबा ओट्यावर बसल्या बसल्या भिंतीला कलले होते. म्हातारीने त्यांचं तोंड उघडून गोळी ठेवली. संध्याकाळी मुलगा आला, त्याने बापाच्या तोंडात तुळशीपत्र ठेवायला बोट घातलं तेव्हा ती तशीच होती. विरघळली नव्हती.

मी त्या ओट्यावर बसून राहिले. मला त्या दोघींचा राग येत नव्हता. येऊ शकत नव्हता. माझं माहेर सोनईकडचं. सुट्टीत घरी गेले की त्या चार दिवसांत मी स्वतः घोंगडीवर पडवीत बसायचे. पाणी मागायचे, आई वरून ओतायची. वॉर्डात त्याच चार दिवसांत मी इंजेक्शनं देत होते, औषधाचं कपाट उघडत होते, मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालत होते आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. दवाखान्याचा एक नियम आणि घराचा एक, आणि मी बसमध्ये बसले की एकातून दुसऱ्यात जायचे. देव्हाऱ्याला बाईच्या जातीला महिन्यातून चार दिवस हात लावता येत नाही, हे मला शिकवायला कुणी लागत नव्हतं. मला ते जन्मापासून पाठ होतं. आणि मी उत्तम म्हटलं. त्या वॉर्डात एवढं एकच उत्तर मी कुणाकडून परत म्हणून घेतलं नव्हतं.

नंतरच्या सगळ्या वर्षांत कुठलंही औषध देताना मी विचारत आले, ठेवणार कुठे, काढून देणार कोण, आणि तिला कधी हात लावता येणार नाही असं होईल का. पुरुष पेशंट खाली बघायचे, बायका तोंडाला पदर लावायच्या, बरोबरीच्या नर्सा म्हणायच्या, हिला लाज म्हणून नाही. त्याने त्या घरात काही फरक पडत नव्हता.

“मला तवाच म्हनायचं हुतं,” सून म्हणाली. “दवाखान्यात. मामंजींम्होरं कसं म्हनू?”

मी मान हलवली.

मग तिने विचारलं. त्यासाठीच ती इतका वेळ उभी होती, हे मला तेव्हा कळलं. “बाई, म्या शिवून दिली असती, तर मामंजी वाचलं असतं का?”

सासूने रडणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

खरं उत्तर मला माहीत नव्हतं. नेहमीची कळ असती तर गोळीने थांबली असती, चार वेळा थांबली होती. मोठा झटका असता तर तीन गोळ्यांनीही काही झालं नसतं. डॉक्टर असते तर त्यांनीही सांगू शकत नाही म्हटलं असतं. पण ती एकोणीस वर्षांची मुलगी समोर उभी होती आणि तिला पुढे पन्नास वर्षं काढायची होती.

“नाही,” मी म्हटलं. “तो मोठा झटका होता. गोळीने काही झालं नसतं.”

सासूने मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा एकदम सैल पडला. तिने सुनेकडे वळून म्हटलं, “बग. म्या रोज सांगती का न्हाई? बरं झालं शिवली न्हाईस. मानूस बी गेलं असतं आन देव बी बाटला असता.” मग ती मला म्हणाली, “तुमी आलाव, लई बरं केलं. हिच्या डोस्क्यातनं जातच नव्हतं. आता दवाखान्याच्या मानसानंच सांगितलं.”

मला सुनेला सोडवायचं होतं. मी सोडवलं देवाला. आता या घरात पुढची कुणी आजारी पडेल, औषध पुन्हा त्याच कोनाड्यात जाईल, पुन्हा कुणीतरी उंबऱ्यावर थांबेल आणि म्हणेल की नगरच्या शिष्टरबाईंनी सांगितलं होतं, शिवून उपयोग नसतो. हे मला त्याच क्षणी दिसलं आणि तरी मी तोंड उघडलं नाही. मघाशी इतकं पटकन बोललेलं मागे कसं घ्यायचं ते मला सुचलं नाही. वॉर्डात तीस माणसांना धाकात ठेवणारी मी, त्या म्हातारीच्या सैल पडलेल्या चेहऱ्यासमोर गप्प बसले. गूळ पुढे आला, तो मी खाल्ला.

सून मला फाट्यापर्यंत सोडायला आली. टँकर यायचा होता, म्हणून तिने हंडाही बरोबर घेतला. पोर कडेवर झोपली होती. फाट्यावर बाभळीच्या सावलीत उभ्या राहिलो तेव्हा ती म्हणाली, “बाई, एक इचारू?”

“विचार.”

“गोळीनं काईच हुनार नव्हतं, तर मंग माझ्याकडनं येवढं पाठ कशाला करून घेतलं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. चुलीला ताव असला तर भाकऱ्या लवकर होतात म्हणाली होती, तसाच तो प्रश्न होता. तिला हिशेब जुळत नव्हता, एवढंच. लांबून एस.टी.ची धूळ दिसत होती. मी तिला उगीच काहीतरी सांगू शकले असते. मोठ्या झटक्यात आणि छोट्या कळीत फरक असतो वगैरे. ती चौथी शिकलेली होती, पण तिला ते पटलं नसतं, आणि एका दिवसात दोनदा तिच्याशी खोटं बोलायचं माझ्याच्याने होईना.

“झाला असता उपयोग,” मी म्हटलं. “नक्की माहीत नाही. पण झाला असता बहुतेक.”

तिने मान हलवली, एकदाच. पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मला वाटलं ती आता रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल. आणि तिने बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. बस येऊन थांबली. कंडक्टरने दार उघडलं. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ती जवळ आली.

“आत्याबाईस्नी नका सांगू,” ती म्हणाली. “त्यास्नी आज बरं वाटलंया.”